‘रूप’ आणि रुपया

मराठीत ‘रुपे’ म्हणजे चांदी. त्यामुळे रुपया हे नाव चांदीवरून पडले, असा आपला सर्वसाधारण समज असतो. हा समज अगदीच खोटा नाही. पण तो अपुरा आहे, असे मला वाटते. या शब्दाच्या मुळाशी चांदी नसून नाण्यावरचा ठसा आहे.

‘रूप’ म्हणजे आकृती. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात ‘रूप’पासून ‘रूप्य’ हा शब्द दोन अर्थांनी साधला आहे. पहिला अर्थ प्रशंसेचा, म्हणजे सुरूप. दुसरा ‘आहत’, म्हणजे ठोकून उमटविलेले रूप ज्यावर आहे ते. काशिका या टीकेने येथे दीनाराचे उदाहरण दिले आहे. आता गुप्तकाळातील दीनार तर सोन्याचा! त्यालाही ‘रूप्य’ म्हणता येते, याचा अर्थ येथे चांदीचा संबंध नाही.

आपली प्राचीन नाणी पाहिली की हा अर्थ डोळ्यांसमोर उभा राहतो. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापीत, कोपरे छाटून वजन बरोबर करीत आणि मग एकेका ठशाने सूर्य, षडर चक्र, टेकडी अशी चिन्हे ठोकीत. अभ्यासक त्यांना आजही ‘आहत नाणी’च म्हणतात. सुमारे ३२ रतींच्या कार्षापणावर बहुधा अशी पाच चिन्हे आढळतात.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चांदीचे नाणे ते ‘रूप्यरूप’ आणि तांब्याचे ते ‘ताम्ररूप’. येथे ‘रूप्य’ म्हणजे चांदी हा अर्थ रूढ झालेला दिसतो. परंतु नाणे या अर्थाचा शब्द ‘रूप’ हाच आहे. टांकसाळीचा प्रमुख ‘लक्षणाध्यक्ष’, तर नाणी पारखणारा ‘रूपदर्शक’. दोघांच्याही नावांत धातू नाही, खूण आहे.

पुढे शेरशहाने (१५४०–४५) सुमारे १७८ ग्रेन वजनाचे चांदीचे नाणे पाडले आणि ‘रुपया’ हे नाव स्थिरावले. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली, १९४७ मध्ये निकेलचा रुपया निघाला आणि आजचा तर पोलादी आहे. रुपे गेले, तरी रुपया राहिला. नाण्याला चलन बनविते ते राज्यसत्तेने त्यावर उमटविलेले रूप. आपल्या वैयाकरणांनी जपलेल्या या एका शब्दात अर्थशास्त्राचे हे मर्म साठलेले आहे.