ट्रक मागून दिसतो का? टेप आणि टेललाइटच्या कामातून छोटा व्यवसाय

व्हिडिओमध्ये आपण काम कसं करायचं ते पाहिलं. इथे त्यामागचं गणित समजून घेऊ.

आधी सांगा, गिऱ्हाईक तुमच्याकडे कशासाठी येतो? "टेप लावायला," असं म्हणाल. तो खरं तर रात्री मागून कुणी येऊन धडकू नये म्हणून येतो. हे डोक्यात बसलं, की दर कसा सांगायचा आणि माल कुठला घ्यायचा, दोन्ही आपोआप ठरतं.

ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. समोर काहीतरी आहे हे कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे ३३ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी ३५ मीटर लागतात. झाले जवळपास ७० मीटर. लो बीमच्या उजेडात मळकट, दिवे बंद असलेली ट्रॉली ४०-५० मीटरवर दिसते. म्हणजे दिसली तरी उशीर झालेला असतो. चांगली टेप आलेला उजेड त्याच दिशेला परत फेकते, म्हणून ती कितीतरी लांबून चमकते.

माल निवडताना : रंग लक्षात ठेवा : मागे लाल, बाजूला पिवळा, पुढे पांढरा. अवजड गाडीला ५० मिलिमीटर रुंदीची, एआयएस-०९० मान्यतेची टेप घ्या. नुसती चकाकणारी स्वस्त टेप दिवसा सारखीच दिसते. ओळखायची कशी? अंधारात ३० पावलं मागे जा, मोबाइलची टॉर्च डोळ्याच्या बाजूला धरा आणि बघा. खरी टेप पेटल्यासारखी दिसेल. गिऱ्हाइकालाही हेच करून दाखवा. दर वेगळा का, ते त्याला बोलून पटवावं लागणार नाही.

माप काढताना : मागची बाजू अडीच मीटर रुंद, दोन मीटर उंच असेल तर चौकटीला ९ मीटर लाल टेप लागते. बॉडी ७ मीटरची असेल तर दोन्ही बाजूंना मिळून १४ मीटर पिवळी. पुढे अडीच मीटर पांढरी. ५० मीटरच्या लाल रोलमध्ये पाच ट्रक होतात, पिवळ्यात तीनच. म्हणून तिन्ही रंगांचे रोल सारखेच उचलू नका, पिवळ्यात जास्त भांडवल ठेवा.

लावताना : गंज आणि सुटलेला रंग खरवडा, पृष्ठभाग पुसून पूर्ण कोरडा करा. रिव्हेट आणि फटीवरून टेप ताणू नका, तिथे कापा. खडबडीत लाकडी फळीवर टेप टिकत नाही. ती अॅल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवून पट्टी फळीला ठोका.

टेललाइट सोडू नका : दिवा मंद लागतो तेव्हा बल्ब बदलण्याआधी अर्थिंग तपासा. बऱ्याचदा गंजलेला अर्थच दोषी असतो. आणि बल्ब घेताना विसरू नका : मोठा ट्रक २४ व्होल्टचा, ट्रॅक्टर १२ व्होल्टचा.

गिऱ्हाईक कुठे? ट्रान्सपोर्ट नगर, गॅरेज, फिटनेसला निघालेल्या गाड्या. आरटीओत कुठली टेप आणि कोणतं प्रमाणपत्र चालतं ते आधी विचारून घ्या. आणि आपल्याकडचा मोठा हंगाम म्हणजे ऊसतोडणी. ट्रॉलीच्या मागे ऊस लोंबतो आणि दिवे झाकून टाकतो. तिथे टेप लोंबणाऱ्या उसाच्या खाली, चॅसिसच्या आडव्या पट्टीवर लावा आणि मालकाला सांगा, "भाऊ, रोज एकदा फडकं मारा. चिखल बसला की टेप आंधळी होते."

हा फुकटचा सल्ला वाटेल, पण पुढच्या वर्षी तो माणूस चार ट्रॉल्या घेऊन तुमच्याकडेच येईल.

गृहपाठ : आज रात्री जवळच्या ढाब्यावर जा. उभ्या असलेल्या दहा गाड्या टॉर्चने मागून बघा. किती चमकतात, किती नाही, वहीत लिहा. न चमकणारा आकडा म्हणजे तुमची बाजारपेठ. आणि त्यातली प्रत्येक गाडी आज रात्री रस्त्यावर असणार आहे, हेही विसरू नका.