स्टॉकहोम : दोन दिवसांचं गणित

पोलंडमधल्या एक्स्चेंज सेमिस्टरला असताना डिसेंबरात दोन दिवस मोकळे मिळाले आणि मी स्टॉकहोमला जायचं ठरवलं. पुन्हा कधी जमेल न जमेल, म्हणून वहीत अकरा ठिकाणं लिहिली. प्रत्येकाला पाऊण तास. कागदावर सगळं फिट्ट बसलं. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी कोसळलं. तुमच्यापैकी कुणाला अशी संधी मिळालीच, तर माझ्या चुका उपयोगी पडाव्यात म्हणून हा लेख.

पहिली चूक विमानाच्या तिकिटाची. आर्लांडा विमानतळ शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. स्वस्त मिळालं म्हणून मी स्काव्स्टाचं तिकीट काढलं. ते जवळजवळ १०० किलोमीटरवर! बसने दीड तास जायला, दीड तास यायला.

दुसरी चूक उजेडाची. स्टॉकहोम ५९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत सूर्य असतो, पण डिसेंबरात तो पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीनच्या आतच मावळतो. म्हणजे उजेड जेमतेम सहा तास, आणि त्यातला बराचसा मी बसमध्ये घालवला. गामला स्तान ही जुनी, अरुंद गल्ल्यांची वस्ती मी अंधारात पाहिली. हिवाळ्यात उघड्यावरची ठिकाणं सकाळी, संग्रहालयं दुपारनंतर, हा नियमच करा.

तिसरी चूक वेळ ठरलेल्या गोष्टींची. नोबेल मेजवानी होते तो सिटी हॉल आतून फक्त गाइडबरोबर, ठरलेल्या वेळी पाहता येतो. मी पोचलो तेव्हा माझी टूर निघून गेली होती. असे मुक्काम आधी वहीत पक्के करावेत, बाकीचे त्यांच्याभोवती.

एक गोष्ट मात्र बरोबर केली : २४ तासांचा पास. शहर १४ बेटांवर वसलेलं आहे, नकाशावर दोन बोटांचं अंतर आणि मध्ये पाणी! मेट्रो, बस, ट्राम, शिवाय यूरगोर्डेन बेटाची फेरीबोटही याच पासवर चालते. टी-सेंट्रालेन स्थानकात खडकाच्या छतावर रंगवलेल्या निळ्या वेली तर फुकटात पाहून होतात. आणि हो, पैसे क्रोनामध्ये, पण बऱ्याच दुकानांत रोख घेतच नाहीत. कार्ड हवंच.

दुसऱ्या दिवशी त्या फेरीबोटीने वासा संग्रहालयात गेलो. आपल्या लोकांनी ते चुकवू नये. वासा ही ६४ तोफांची युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्या सफरीवर निघाली आणि दीड किलोमीटरही न जाता बंदरातच बुडाली. तोफांचे दोन मजले, वरचा भाग जड, गुरुत्वमध्य फार वर. वाऱ्याच्या झोताने ती कलली आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं. ३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये, तिला वर काढलं. बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे टिकत नाहीत, म्हणून ती जवळजवळ अख्खी उभी आहे.

पण मला खिळवलं ते वेगळ्याच गोष्टीने. निघण्याआधी तीस खलाशांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून चाचणी घेतली होती. जहाज इतकं डोलायला लागलं, की तीन फेऱ्यांनंतर चाचणीच थांबवली. जहाज मात्र थांबवलं नाही! राजाला घाई होती. चौकशीत शिक्षा कुणालाच झाली नाही.

मी तिथेच वही काढली. आदल्या दिवशी बसमध्ये बसल्याबसल्या बेरीज करून मलाही कळलं होतं की हे जमणार नाही, तरी मी पळतच राहिलो होतो. उरलेली पाच ठिकाणं खोडली आणि वासापाशी तीन तास थांबलो. अख्ख्या सहलीतले तेवढेच तीन तास मला आज नीट आठवतात.

तेव्हा यादी करा, बेरीज करा आणि बेरीज नाही म्हणाली तर वरचं वजन उतरवा. सबमिशनच्या आठवड्यातही हे लागू पडतं, हे सांगायला नकोच!