म्यानातले पंख

मुलांनो, तुम्ही भुंगेरा पाहिला असेलच. त्याच्या पाठीवरचे टणक कवच म्हणजे त्याचे पुढचे पंख होत. त्यांच्याखाली उडण्याचे नाजूक पंख घडी घालून ठेवलेले असतात. जशी म्यानात तलवार!

म्हणूनच भुंगेऱ्यांच्या गणाला ‘कोलिऑप्टेरा’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘कोलिऑस’ म्हणजे म्यान आणि ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख. ‘हेलिकॉप्टर’ या शब्दातही हाच ‘प्टेरॉन’ आहे. भुंगेऱ्यांचे हे नाव प्रथम ॲरिस्टॉटलच्या, म्हणजेच तुमच्या अरस्तूच्या, ग्रंथात आढळते. स्वीडनच्या लिनीअसने १७५८ सालच्या आपल्या ग्रंथात तेच ठेवले.

शास्त्रीय शब्द अवघड वाटला, तर नुसता घोकू नका. त्याची फोड करून पाहा. आत अर्थ सापडेल.

शब्दार्थ : म्यान – तलवार ठेवण्याचे आवरण, घोकणे – पुन्हा पुन्हा म्हणून पाठ करणे.