प्लास्टिकचा मऊपणा आणि अधिवृक्क ग्रंथी

चार पावसाळे वापरलेला रेनकोट ताठ पडतो व घडीवर भेगाळतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पीव्हीसी हे प्लास्टिक मुळात कडकच असते. थॅलेट वर्गातील तेलकट द्रव्ये मिसळल्यावर ते मऊ होते. ही द्रव्ये प्लास्टिकच्या रेणूंशी रासायनिक बंधाने बांधलेली नसल्यामुळे हळूहळू बाहेर पडतात. उष्णतेने व तेला-तुपाच्या सान्निध्यात अधिकच. ती कोठे जातात, हे आम्हांस येथे मांडावयाचे आहे.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथी कोलेस्टेरॉलपासून संप्रेरके घडवितात. कॉर्टिसॉल ताणाच्या प्रसंगी शरीर सावरते. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडास मीठ राखून ठेवण्याची आज्ञा देते व त्यायोगे रक्तदाब टिकविते. हे कार्य पेशीतील तंतुकणिकेत सुरू होते. तेथे कोलेस्टेरॉल आत पोहोचविणारे एक प्रथिन म्हणजे या कारखान्याचा दरवाजाच होय. वृषणातील टेस्टोस्टेरॉनही याच दरवाजाने सुरू होते. गर्भस्थ उंदरांच्या वृषणात डीईएचपी या थॅलेटमुळे हा दरवाजा अरुंद होतो, असे प्रयोगांत आढळले आहे.

अधिवृक्काबाबत कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे काम आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. तेथे गाभण मादी उंदरांना डीईएचपी देण्यात आले. पिलांना जन्मानंतर काहीच दिले नाही. तरीही नर पिले प्रौढ झाल्यावर त्यांच्या रक्तातील अल्डोस्टेरॉन कमी भरले, आणि पुढे रक्तदाबही कमी आढळला. थॅलेट शरीरात साठून राहत नाही, बहुतांश एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जाते. द्रव्य केव्हाच गेले, पण ग्रंथी घडत असताना पडलेला ठसा राहिला! प्रयोगातील मात्रा आपल्या नित्याच्या संपर्काहून पुष्कळ मोठ्या असतात, म्हणून माणसाविषयी तोच निष्कर्ष सरळ काढणे आम्ही योग्य मानीत नाही. मात्र गरोदर मातेची काळजी प्रथम का घ्यावी, हे यावरून उमगते.

सरसकट सर्व प्लास्टिकला दोष देणेही बरोबर नाही. पाण्याच्या पारदर्शक बाटलीस वा पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यास मृदुकारी द्रव्याची गरज नसते. शंका घ्यावी ती मऊ पीव्हीसीची: नळी, टेबलावरचे आच्छादन, कृत्रिम चामडे. रक्तपेढीतील पिशवीतही डीईएचपी असते. नवल असे, की ते तांबड्या पेशी टिकविण्यास मदतच करते, म्हणून त्याला पर्याय शोधणे सोपे गेले नाही. रक्ताची गरज असलेल्या रुग्णाने त्यापायी मुळीच कचरू नये.

भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे, आणि त्या मानकांत थॅलेटची मर्यादाही येते. जत्रेतील चिन्हाविना विकली जाणारी मऊ बाहुली तान्ह्या मुलाच्या तोंडी जाते, तेव्हा ही मर्यादा तेथे पोहोचलेली नसते. पालकांनी खरेदीपूर्वी आयएसआय चिन्ह पाहावे, आणि गरम वरण, तूप, तेल यांसाठी स्टीलचेच भांडे घ्यावे.