आश्रयनगराची वाट आणि गावाची वाट

शास्त्रपाठ : अनुवाद 19:1-14, यशया 40:3-5.

नकळत ज्याच्या हातून मनुष्यवध घडला, त्याचा जीव वाचावा म्हणून इस्राएल लोकांनी आश्रयनगरे नेमावी, अशी आज्ञा होती. परंतु नगरे नेमून देव थांबला नाही; त्यांचे रस्ते तयार करण्यासही त्याने सांगितले. वाट लांब पडली तर पळणारा मध्येच गाठला जाईल, हे कारणही तेथेच दिले आहे. आश्रय आहे पण वाट नाही, तर तो आश्रय नसल्यासारखाच होय.

आता आपल्याकडे पाहू. वर्धा जिल्ह्यातील तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती हमरस्त्यावर आहे. आर्वीकडील व आष्टीकडील लोक येथे त्या रस्त्यास मिळतात. परंतु ज्या खेड्याची वाट अजून मुरुमाची आहे, तेथील अडलेल्या बाळंतिणीस हमरस्ता जवळ असूनही दवाखाना दूरच.

1943 साली नागपुरास देशातील मुख्य अभियंत्यांची सभा भरली, तेव्हा राष्ट्रीय, प्रांतिक व जिल्हा रस्त्यांबरोबर गावरस्त्यांचाही विचार झाला. पुढे 2000 साली, नाताळच्याच दिवशी, प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. तिच्या रस्त्यांची पहिली पाच वर्षे निगा राखणे ठेकेदाराकडे असते, हे गावकऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पक्की सडक म्हणजे मुरुमावर डांबर ओतणे नव्हे. आपली काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून आधी भराव उंच करून दाबतात, मग मुरुम, मग खडीचे थर घालून रूळ फिरवितात, आणि शेवटी डांबर. मधला भाग उंच ठेवून दोन्ही बाजूंस उतार, कडेला नाल्या आणि ओढ्यावर मोरी, ही हवीतच. स्कॉटलंडचा मॅकॅडम (1756-1836) ह्याने हेच शिकविले की, भार खरोखर खालची जमीन वाहते. ती कोरडी राखली तरच ती टिकते. डांबर हे केवळ छप्पर आहे. नाली बुजली की पाणी खाली मुरते आणि वरून चकचकीत दिसणारी सडक आतून खचते.

येथे आमचीही झडती होते. सडक व्हावी असा अर्ज आम्ही करितो, आणि नांगराचे एक तास पांदणीत घालितो. नाली बुजवून बैलगाडीस वाट करितो. शेजाऱ्याची हद्द सरकवू नये ही आज्ञा ह्याच अध्यायाच्या चौदाव्या वचनात आहे. पांदण ही साऱ्या गावाची हद्द आहे. ती चोरणारा कोणा एकाचे नव्हे, तर रात्री आजाऱ्यास नेणाऱ्या प्रत्येकाचे चोरितो. मंडळीतील ज्याने असे केले असेल, त्याने प्रार्थनेस उभे राहण्यापूर्वी ती हात-दोन हात जमीन सोडावी.

यशयाने प्रभूसाठी रस्ता सपाट करण्यास सांगितले, तेव्हा खोलगट भरणे व उंच उतरविणे ही दोन्ही कामे सांगितली. पश्चात्तापावाचून केलेला धर्माचार ओल्या मातीवरील डांबरासारखा आहे. पहिल्या पावसात तो उखडतो.

विचारण्याचे प्रश्न
1. आश्रयनगरांच्या रस्त्यांची आज्ञा का दिली?
2. आपल्या वाटेची कोणती नाली बुजली आहे, व ती कोणी मोकळी करावी?
3. दुसऱ्याने देवाकडे यावे, त्या वाटेत आपण कोणता दगड ठेविला आहे?