म्हातारपणाची काठी

शास्त्रभाग : निर्गम २०:१२, मार्क ७:९-१३, योहान १९:२५-२७, २१:१८-१९

आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आपण शब्बाथ शाळेत लहान मुलांकडून पाठ करून घेतो. त्यामुळे ती लहानांसाठीच आहे, असा आपला समज होऊन बसतो. पण मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू ही आज्ञा लावतो ती जाणत्या, मिळवत्या माणसांना. आईबापांना द्यावयाचे ते देवाला वाहिले, म्हणजे कुर्बान झाले, असे सांगून हात झटकण्याची सोय त्या काळी होती. प्रभूने त्या सोयीचा निषेध केला. मंडळीच्या कामामुळे घरी वेळ होत नाही, असे म्हणणाऱ्या आम्हां उपदेश करणाऱ्यांनाही हे लागू आहे.

परंतु हात झटकणारेच तेवढे चुकतात असे नाही. सगळे करणारेही चुकतात. मी चुकलो.

वडील प्रभूमध्ये निजल्यावर आई बेळगावात एकटी राहिली. माझी नोकरी वडोदऱ्याला. पंधरा दिवसांत मी भाड्याचे घर रिकामे केले, सामान वाटून टाकले आणि आईला घेऊन आलो. सर्वांनी माझी वाहवा केली. दोन महिन्यांनी एका रात्री ती म्हणाली, "विचारलं असतंस तर मी होच म्हटलं असतं रे. पण विचारायचं होतंस."

त्या रात्री मला योहानाचा एकविसावा अध्याय आठवला. म्हातारपणी दुसरा कोणी तुझी कंबर बांधील आणि तुला नको तेथे नेईल, असे प्रभू पेत्राला सांगतो. हे पेत्राच्या मरणाविषयी आहे, हे पुढचेच वचन सांगते. तरी त्यातले चित्र वृद्धपणाचे आहे, आणि नको तेथे नेले जाणे हेच त्यातले दुःख आहे.

मुलगा म्हातारपणाची काठी, असे आपण म्हणतो. काठी आधार देते, पण कोठे जायचे ते काठी ठरवीत नाही; ती धरणारा ठरवितो. हे ध्यानात ठेवून पुढील गोष्टी कराव्या.

१. आधी विचारा. कोठे राहावयाचे, कोणत्या उपासनेला जावयाचे, पैसे कोणाजवळ ठेवावयाचे, हे आईबाप धडधाकट असतानाच शांतपणे विचारा. स्मरणशक्ती क्षीण झाली तरी साध्या गोष्टी, जसे कोणते लुगडे, कोणती भाजी, त्यांनाच ठरवू द्या.

२. घर सांभाळा. वृद्धांचे पडणे पुष्कळदा न्हाणीघरात आणि रात्री उठताना होते. न्हाणीत धरावयास दांडी, रात्री मंद दिवा, आणि पायाखाली सरकणारे पायपुसणे नाही, एवढ्याने पुष्कळ अपघात टळतात.

३. दुखण्याकडे लक्ष द्या. सर्व औषधांची एक यादी करून प्रत्येक डॉक्टरला दाखवा. माणूस एक-दोन दिवसांत एकाएकी असंबद्ध बोलू लागला, तर वयाचा परिणाम म्हणून बसू नका. आतला जंतुसंसर्ग किंवा एखादे औषधही त्याला कारण असते. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत घेतले आहे. त्यांचे कार्ड आजारपण येण्यापूर्वीच काढून ठेवा.

४. कागद नीट ठेवा. ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्राला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्याला वाटा मिळावयाचा, त्याने किंवा त्याच्या पतिपत्नीने साक्षीदार म्हणून सही केली, तर तो वाटा रद्द होतो. गोव्यातील वारसाहक्काचा कायदा निराळा आहे. तेथील बंधुभगिनींनी तेथल्याच वकिलाला विचारावे. मात्र मृत्युपत्र आईबापांचे आहे. त्यासाठी त्यांच्यामागे तगादा लावू नये.

५. भावंडांत भार वाटा. वधस्तंभावरून प्रभूने आपली आई "मंडळी पाहील" म्हणून सोडली नाही. एका शिष्याच्या हाती सोपविली. तसेच कोण औषधे पाहणार, कोण पैसे पाठविणार, कोण दर आठवड्याला फोन करणार, हे नावानिशी ठरवा. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईबापांचे पालन २००७ च्या कायद्याने मुलगा व मुलगी दोघांवरही घातले आहे. पण प्रत्यक्ष सेवा बहुधा सुनेच्या वाट्याला येते. तिला आठवड्यातून एक दिवस विसावा देणे ही मुलाचीच जबाबदारी आहे.

माझी आई आज आमच्याबरोबरच आहे. गेल्या नाताळात तिला विचारले, "यंदा कुठं जायचं?" ती म्हणाली, "बेळगावला." आम्ही गेलो. तिच्या जुन्या बाकावर ती बसली, आणि मी तिच्या शेजारी.

चर्चेसाठी प्रश्न

१. आजच्या काळातले "कुर्बान" कोणते?
२. आईबापांना न विचारता आपण कोणता निर्णय घेतला आहे? त्याविषयी आता काय करता येईल?
३. आपल्या मंडळीत ज्यांची मुले दूर आहेत, अशा वृद्धांची नावे लिहा. या आठवड्यात कोणाकडे कोण जाणार?