थकलेले हृदय आणि साथीचा ताप

आमचे वळ गाव भिवंडी तालुक्यात आहे. जेथे पूर्वी भाताची शेते होती, तेथे आज मोठमोठी गोदामे आहेत. हमाल पाठीवर ओझी वाहतात. ज्याचा गुडघा दुखतो, तो हमाल सपाट जमिनीवर कसाबसा चालतो. पण फळी चढायची वेळ आली, की त्याचा पाय लटपटतो. हृदयविकार असलेल्या माणसाला साथीचा ताप म्हणजे अशीच चढाची फळी.

असे का होते? ताप एक अंश सेल्सिअसने वाढला, की नाडीचे ठोके मिनिटाला सुमारे १० ने वाढतात. म्हणजे हृदयाचे काम वाढले. त्याच वेळी विषाणू फुप्फुसात शिरला, तर रक्ताला प्राणवायू कमी मिळतो. काम जास्त, प्राणवायू कमी! शिवाय अशा आजारात रक्ताची गुठळी लवकर होते. हृदयाची रक्तवाहिनी आधीच अरुंद असेल, तर गुठळीने ती बंद पडते.

कॅनडात फ्लूच्या रोग्यांचा अभ्यास झाला. तो २०१८ साली छापला गेला. तपासणीत फ्लू सिद्ध झाल्यावर पहिल्या ७ दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा संभव एरवीपेक्षा सुमारे ६ पट होता. पुढे करोना आला. चीनमधील फेब्रुवारी २०२० च्या आकड्यांप्रमाणे दर १०० रोग्यांत सुमारे २ दगावले. हृदयविकार असलेल्या १०० रोग्यांत मात्र सुमारे १० दगावले. त्यांत वयस्कर माणसे जास्त होती, हेही खरे. आपल्या देशात १ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरील सर्वांना करोनाची लस खुली झाली. जुना मोठा आजार असलेल्यांना मात्र ४५ व्या वर्षापासूनच ती मिळू लागली. त्याचे कारण हेच.

आता आमच्या आळीतली गोष्ट सांगतो. एका आजोबांना पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. पावसाळ्यात त्यांना ताप व खोकला आला. आम्ही त्यांना भेटायला गेलो. हवापाण्याच्या गोष्टी केल्या, चहा घेतला आणि परत आलो. "गोळ्या घेता ना?" एवढे विचारायचे आम्हाला सुचले नाही. आजोबांनी तर हृदयाच्या गोळ्या बंदच केल्या होत्या. म्हणत, "तापात दोन दोन औषधं उष्ण पडतात."

तिसऱ्या रात्री त्यांना आडवे होता येईना. भिंतीला टेकून ते धापा टाकू लागले. त्यांची सून साक्षरता वर्गाला येते. तिने दवाखान्याचा जुना कागद काढला आणि अक्षर अक्षर लावून वाचले : 'गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.' तिने लगेच १०८ ला फोन लावला. आजोबा वाचले. पण आमची ती चूक आम्हाला अजून सलते. शिकलेल्या मास्तरांनी जे विचारले नाही, ते नव्याने शिकलेल्या सुनेने वाचून काढले.

म्हणून घरात हृदयविकाराचे माणूस असेल तर एवढे करा :

१. ताप आला तरी हृदयाची औषधे आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारा.
२. सर्दीची किंवा अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणू नका. काही गोळ्यांनी रक्तदाब वाढतो.
३. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारा.
४. घरात कोणी खोकत असेल, तर त्याने तोंड झाकावे व आजाऱ्यापासून दूर बसावे.
५. धाप लागली, छातीत दुखले, ओठ निळे पडले किंवा आडवे होता येईना, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

प्रश्न : तुमच्या घरातील औषधाचा कागद कोठे ठेवला आहे? आज तो काढा आणि मोठ्याने वाचून दाखवा.